हे कार्ड या प्रदेशासाठी नाही

लिफ्टवाल्याचा हात लागला की वस्तू मुकाट्याने चालायला लागते, अशी त्याची ख्याती होती. पाच-सहा उंच इमारतींच्या लिफ्टा त्याच्याकडे होत्या. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये शिरायचं, दोन मिनिटं नुसतं डोळे मिटून ऐकायचं आणि मग सांगायचं, 'ब्रेकचा लायनर गेलाय,' नाहीतर 'तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट नीट बसत नाहीये.' आणि तसंच निघायचं. घरीही तेच. नळ, मिक्सर, बहिणीचं शिलाई मशीन, शेजाऱ्यांची इस्त्री, सगळं त्याच्या ओट्यावर येऊन पडायचं आणि बरं होऊन जायचं. बोलायला मात्र तो अगदीच कमी. बायको म्हणायची, याच्या तोंडाचा कॉन्टॅक्ट नीट बसत नाही.

ही बायको दीड वर्षापूर्वी परदेशात गेली होती. तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम होतं, करार तीन वर्षांचा. घरी लिफ्टवाला, नऊ वर्षांची लेक आणि खालच्या मजल्यावर राहणारी लेकीची आत्या. लेकीला सगळे खारू म्हणत. जेवताना दोन्ही गालांत घास भरून बसायची, म्हणून लहानपणी कुणीतरी खारुताई म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

आईबरोबर काम करणारी एक बाई सुट्टीवर आली तेव्हा तिच्या हाती एक पार्सल आलं. मोज्यांचे तीन जोड, एक टॉवेल आणि त्या टॉवेलात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला, हातात धरून खेळायचा गेमचा कन्सोल. खारूने किंकाळी फोडली ती आत्याला खालच्या मजल्यावर ऐकू गेली. ती हातातली कणीक तशीच घेऊन धावत वर आली.

आईने तो चार महिन्यांपूर्वीच घेतला होता आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. दुकानात त्याचे दोन प्रकार शेजारी शेजारी मांडलेले होते. रंग तोच, आकार तोच. एकाच्या खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ जास्त होती. आईने नेमका तोच उचलला. ती ओळ तिने वाचली नाही, आणि वाचली असती तरी तिला कळली नसती. तिकडची भाषा तिला औषधांच्या नावांपुरती आणि 'दुखतंय का', 'कुशीवर वळवू का' इतपतच येत होती.

व्हिडिओ कॉलवर आई सांगत गेली आणि खारू बटणं दाबत गेली. पडद्यावर सगळी अनोळखी लिपी. "वरून तिसरं दाब. आता उजवीकडचं. नाही गं, तुझं उजवं!" मग सुरावट वाजली आणि एक गाव उघडलं. हिरवं कुरण, ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे एक घर.

"जा की आत," आई म्हणाली. तिचा आवाज कसातरीच येत होता.

त्या खेळात आपलं गाव वसवायचं असतं. लाकडं गोळा करायची, घर बांधायचं, फुलं लावायची. जन्मात कधी गेम न खेळलेल्या त्या बाईने ड्युटी संपल्यावर खोलीत बसून, एक अक्षर वाचता येत नसताना, नुसत्या अंदाजाने बटणं दाबत चार महिने ते घर बांधलं होतं. पाट्यांवर लिहायला तिला आपली लिपी मिळेना. मग खेळात कापडावर ठिपक्या-ठिपक्याने नक्षी काढायची सोय होती, तिथे तिने एकेक ठिपका मांडून आपली अक्षरं काढली होती. एका दारावर होतं, 'खारूची खोली. टकटक करून आत यावे.' स्वयंपाकघरात, 'आत्या, चहा ठेव.' आणि गच्चीवर एवढीशी खोली, तिच्यावर पाटी, 'मशीन रूम. बाबांशिवाय कोणीही येऊ नये.'

आत्या पोट धरून हसली. लिफ्टवाल्याने 'बघू' म्हणून कन्सोल हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. स्क्रू कुठले आहेत, चार्जिंगची खाच कशी आहे, हेच त्याने पाहिलं. तशी सवयच होती त्याला.

पहिला महिना खारू त्या घरातच राहत होती म्हणायला हरकत नाही. शाळेतून आली की आधी तिथे जाऊन यायची. कुठल्या खुर्चीवर बसलं तर दिवा लागतो, कुठल्या खिडकीतून ओढा दिसतो, सगळं तिला तोंडपाठ. रविवारी सकाळी आईचा फोन आला की दोघी तासभर तेच बोलायच्या.

अडचण आली ती जिन्यावर. इमारतीच्या खालच्या पायऱ्यांवर संध्याकाळी खारूच्या वर्गातल्या तिघी जमायच्या. तिघींकडे तसेच कन्सोल, पण इथे घेतलेले. त्या एकमेकींच्या खेळात शिरायच्या, शर्यती लावायच्या, हरल्या की भांडायच्या. खारूचा कन्सोल त्यांना दिसेचना. त्यांचे तिघींचे एकमेकांना लगेच सापडायचे आणि हिच्या पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहायचा. एकीने उदार मनाने स्वतःच्या शर्यतीच्या खेळाचं कार्ड दिलं. टिचभर ते कार्ड खाचेत घातलं तर पडद्यावर अनोळखी लिपीतली एक ओळ आली. खारूने ती बाबांना दाखवली. लिफ्टवाल्याने मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला आणि मोबाइलने भाषांतर करून सांगितलं, 'हे कार्ड या प्रदेशासाठी नाही.'

"म्हणजे काय?" खारूने विचारलं.

"म्हणजे... तिकडचा कन्सोल आहे. तिकडचीच कार्डं घेतो."

"पण आता तो इकडे आहे ना?"

याचं उत्तर ज्यांच्याकडे असायला हवं त्यांना त्याने दुसऱ्या दिवशी फोन लावला. कंपनीच्या मदत केंद्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "कन्सोलच्या मागचा नंबर वाचता का, सर?"

त्याने वाचला.

"हे मॉडेल फक्त त्या देशापुरतं आहे, सर. भाषाही तीच राहील आणि कार्डंही तिथलीच चालतील. इथून आम्हाला काही करता येणार नाही."

"आतलं यंत्र तर तेच आहे ना?"

"हो सर, यंत्र तेच आहे."

"बॅटरी, पडदा, बटणं?"

"सगळं तेच आहे, सर."

"मग अडतं कुठे?"

"प्रदेश वेगळा आहे, सर."

लिफ्टवाल्याने फोन ठेवला. वीस वर्षांत त्याने अडलेलं यंत्र पाहिलं होतं ते कशालातरी अडलेलं. गंज, तुटकी तार, झिजलेलं चाक. ज्यावर बोट ठेवता येईल असं काहीतरी. इथे सगळं धडधाकट होतं आणि तरी चालत नव्हतं.

बायको फोनवर म्हणाली, "राहू दे ना. मी दोन महिन्यांनी येतेच आहे सुट्टीवर, तेव्हा बघू. नाहीतर इथे बदलून मिळतो का विचारते." मग तिकडे माणसं कमी पडली आणि सुट्टी पुढे ढकलली गेली. किती पुढे, ते वृद्धाश्रम चालवणारी बाई सांगेना. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा खारू "बरं" म्हणाली आणि दप्तर भरायला उठून गेली.

त्याच आठवड्यात एकदा लिफ्टवाला लवकर घरी आला. जिन्यावर तिघी शर्यतीत रंगल्या होत्या. खारू त्यांच्याहून एक पायरी वर बसली होती. स्वतःचा कन्सोल बंद करून मांडीखाली ठेवलेला, एका हातात एकीची पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात दुसरीचं जाकीट, आणि मान वाकडी करून ती पुढचीच्या पडद्यात बघत होती. बाबांना पाहिल्यावर हसली. ते हसू त्याला बघवेना. तो तसाच वर गेला आणि हातपाय न धुता खुर्चीत बसून राहिला. लेकीची आई त्याला आणता येत नव्हती, तिची सुट्टी त्याच्या हातात नव्हती. निदान एवढं यंत्र तरी आपल्याला दुरुस्त करता यावं, असं त्याच्या मनाने घेतलं.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाली बसायची. मोबाइल, कन्सोल, काहीही उघडायची. डोळ्याला भिंग लावलेली, बोलता बोलता दोन गिऱ्हाइकं सांभाळणारी बाई. तिने कन्सोल पाहिला आणि म्हणाली, "होईल की. आतलं त्यांचं सॉफ्टवेअर काढून इथलं घालायचं. दोन दिवस लागतील. पण आतलं सगळं पुसलं जाईल हं. काही ठेवायचंय का?"

"खेळ कार्डात आहे," लिफ्टवाला म्हणाला. त्याने खाचेतून आईच्या गावाच्या खेळाचं कार्ड अलगद काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

"मग हरकत नाही," ती म्हणाली, आणि शेजारी फुटका मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे वळली.

लिफ्टच्या कामात त्याचा एक नियम होता. उघडण्याआधी जसं आहे तसं कागदावर उतरवून घ्यायचं, कुठली तार कुठे जाते ते. हाताखालच्या माणसांना तो यावरून फैलावर घ्यायचा. त्या दिवशी त्याला तो नियम सुचलाच नाही. घर कार्डात आहे आणि कार्ड आपल्या छातीशी आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. बायकोलाही त्याने काही विचारलं नाही. झाल्यावरच सांगू, खूश होईल, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी कन्सोल आला तो आपल्या ओळखीच्या लिपीत बोलत. खारूने सगळं मोठ्याने वाचून काढलं, 'सेटिंग', 'बॅटरी', 'मित्र शोधा', जणू पत्रच आलंय. संध्याकाळी जिन्यावर चौघींचे चार कन्सोल एकमेकांना सापडले. खारू चारही शर्यती हरली आणि तिच्या ओरडण्याने खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी दार उघडून दम भरला. लिफ्टवाला खिडकीत उभा राहून ऐकत होता. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी, आईच्या फोनच्या आधी, खारूने आईचं कार्ड घातलं. पडद्यावर स्वच्छ, वाचता येण्याजोगी ओळ आली.

'हे कार्ड या प्रदेशासाठी नाही.'

तिने काढून पुन्हा घातलं. फुंकर मारून घातलं. लिफ्टवाल्याने कपड्याने पुसून घातलं. फोन वाजायला लागला.

"घर दाखव गं," आई म्हणाली. "फुलांना पाणी घातलंस का?"

खारूने बाबांकडे पाहिलं. बाबा कार्डाकडे बघत होते.

"चार्जिंग संपलंय, आई," ती म्हणाली. तोपर्यंत ही पोरगी आईशी कधी खोटं बोलली नव्हती.

सोमवारी कामाला दांडी मारून लिफ्टवाला दुकानात हजर. "होतं तसं करून दे," तो म्हणाला. दुरुस्तीवालीने खांदे उडवले, पण केलं. बुधवारी त्याने तिच्यासमोरच कार्ड घातलं. अनोळखी लिपी परत आली, सुरावट वाजली, हिरवं कुरण उघडलं, ओढा दिसला. त्याचा जीव भांड्यात पडला. ओढ्याच्या पलीकडे गवत होतं. नुसतं गवत. मध्ये एक तंबू, आणि तंबूपाशी मांजरासारखं एक जनावर उभं राहून काहीतरी विचारत होतं.

"घर कुठंय?" लिफ्टवाला म्हणाला.

"कुठलं घर?"

"बांधलेलं होतं. माझ्या बायकोने. इथे, या बाजूला. गच्ची होती त्याला."

तिने डोळ्याचं भिंग वर केलं. "दादा, कार्डात फक्त खेळ असतो. तुम्ही त्यात काय बांधलं, काय मांडलं, ते सगळं यंत्राच्या पोटात राहतं. मी विचारलं होतं तुम्हाला, काही ठेवायचंय का म्हणून."

"मी कार्ड काढून घेतलं होतं."

"ते दिसलं मला. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." तिने भिंग काढून ठेवलं. "माझंही चुकलं. नीट सांगायला हवं होतं."

"पुसलेलं परत आणता येतं का?"

"नाही."

"कुणालाच?"

"नाही हो, दादा."

तो तिथेच स्टुलावर बसला. तिच्यावर आवाज चढवावा असं त्याला क्षणभर वाटलं, पण आवाज चढवायलाही अंगात काही असावं लागतं. तिने पैसे घेतले नाहीत, पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाली, "एक आहे. काही लोक नक्कल ठेवतात, इंटरनेटवर. तशी सोय चालू केलेली असेल तर मिळेल. ज्यांनी पहिल्यांदा कन्सोल सुरू केला त्यांना माहीत असणार."

म्हणजे बायकोला विचारणं आलं.

त्याने मदत केंद्राला फोन लावून पाहिला. या वेळी वेगळा आवाज होता. "तुम्ही तो बाहेर उघडून घेतलात का, सर? मग तर आम्हाला काहीच सांगता येणार नाही." मग तो गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेला, कारण तिथे कुणी येत नव्हतं, आणि तिथून त्याने बायकोला फोन केला. तिकडे तिची जेवणाची सुट्टी होती. मागे कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रांची घरघर येत होती.

"आत्ता कसा फोन केलास? खारू बरी आहे ना?"

"बरी आहे. तू त्या गेमची इंटरनेटवर नक्कल ठेवली होतीस का?"

"कसली नक्कल? मला कुठे येतंय ते सगळं." आणि मग, "काय झालंय?"

त्याने सांगितलं. आयुष्यात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. जिना, बाटली, जाकीट, दुकान, खिसा, तंबू, सगळं सांगितलं. शेजारी मोटर सुरू झाली, कुणीतरी वरच्या मजल्यावर निघालं होतं. दोर चाकावरून सरकत गेले आणि थांबले.

"सगळंच गेलं?" तिने विचारलं.

"हो."

"पाट्यासुद्धा?"

"सगळं."

"मला एकदा विचारायचंस तरी."

"विचारायला तू असतेस कुठे?"

ते त्याच्या तोंडून निघून गेलं. म्हणायचं होतं भलतंच, की तुला दर वेळी त्रास नको, की तुझ्या कामात कशाला मध्ये यायचं. पण निघालं ते हे. तिकडे यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

"ठिपके मोजून मोजून काढली होती रे अक्षरं," ती शेवटी म्हणाली. "'खा' काढायला मला तीन दिवस लागले होते. काना बसेना." मग मागे घंटी वाजली. कुणालातरी कुशीवर वळवायचं असणार. "जाते मी," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

खारूला सांगितलं तेव्हा तिने फक्त दोन प्रश्न विचारले. पहिला, "मशीन रूम पण गेली?" आणि दुसरा, "आई रागावली का?" पहिल्याचं उत्तर त्याने दिलं. दुसऱ्याचं त्यालाच माहीत नव्हतं. रात्रीच्या जेवणात तिने भरलेले गाल बराच वेळ तसेच राहिले आणि आत्या "गीळ गं बाई" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आत्याच्या डोक्यात आलं की घरात कुणीतरी त्या घराचा फोटो काढला असेल. सगळ्यांचे मोबाइल पाहून झाले. एक सापडला. खारू हसत कन्सोल पुढे धरून उभी होती, आणि पडद्यावर खिडकीतल्या उजेडाचा पांढरा चट्टा. बाकी काही दिसत नव्हतं. "स्वयंपाकघर कुठल्या हाताला होतं रे?" आत्याने भावाला विचारलं. त्याला सांगता येईना. चार्जिंगची खाच कुठे आहे ते त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. घर त्याने नीट पाहिलंच नव्हतं.

रविवारी आईचा फोन आला. तिने शाळेचं विचारलं, पडायला आलेल्या दाताचं विचारलं, नवीन मोजे घट्ट होतात का ते विचारलं. गेमचं नाव तिने काढलं नाही आणि खारूनेही काढलं नाही. दोघी अशा जपून बोलत होत्या की लिफ्टवाल्याला खोलीत बसवेना आणि उठवेना. फोन ठेवताना आई म्हणाली, "बाबांना जेवायला घाल वेळेवर." फोन त्याला द्यायला सांगितला नाही.

मग खारूने कन्सोल उघडला. कुरण आलं, तंबू आला, आणि ते मांजरासारखं जनावर तेच काहीतरी विचारत उभं राहिलं. खाली अनोळखी लिपीत दोन उत्तरं, यातलं एक निवडायचं.

लिफ्टवाला शेजारी टेकला. "थांब, काय विचारतंय ते बघू," म्हणून त्याने मोबाइलचा कॅमेरा पुढे केला.

खारूने पडद्यावर तळहात ठेवला. "नको."

"अगं, नुसतं वाचू."

"नको, बाबा. आईला माहितीये त्याला काय सांगायचं ते. तिने सांगितलं की मग."

"मग विचारायचंस की आत्ता."

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ता ती रडवेली होती."

त्याने मोबाइल खाली ठेवला. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला. खारूने बोटाने हलकेच बटण दाबून तो पुन्हा जागा केला. ते जनावर अजून उभंच होतं. तेव्हापासून रोज शाळेतून आली की ती कन्सोल उघडते, ते उभं आहे ना पाहते आणि बंद करते. जिन्यावरून तिच्या मैत्रिणी हाका मारतात, पण हा कन्सोल आता त्यांना पुन्हा सापडत नाही, आणि लिफ्टवाला घरी असला तर खिडकी लावून घेतो.